दुरडीचीही पर्चेस ऑर्डर निघू द्या

चाकणच्या कारखान्यात साध्या वॉशरलाही ड्रॉइंग असतं, माप असतं, डिलिव्हरीची तारीख असते. हीच शिस्त कंपन्यांनी बुरूड समाजातल्या बायकांच्या बांबूकामालाही लावावी, असं माझं ठाम मत आहे. बांबू फाडून कामट्या काढायच्या, त्या तासायच्या, एक वर, एक खाली अशी वीण घालत बूड बसवायचं आणि काठ आवळून घ्यायचा. पोळ्यांच्या दुरडीतून वाफ निघून जाते, ती या विणीतल्या फटींमुळेच. पण सूप आणि परडीला मागणी सणावाराला आणि लग्नसराईत. एरवी हात रिकामे. चाकण पट्ट्यातल्या कॅन्टीनना आणि पाहुण्यांच्या टेबलांना मात्र दुरड्या, ट्रे, गरम भांड्याखालच्या चटया वर्षभर लागतात.

कंपन्या सीएसआरकडे बोट दाखवतील. सीएसआरमध्ये मोजल्या जाणाऱ्या कामांच्या यादीत, म्हणजे २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, हस्तकला आहेच. पण सीएसआरमधून दिलेल्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने गिऱ्हाईक मिळत नाही. हाताच्या मालात सारखेपणा नसतो, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी साचा आणि व्यास ठरवून द्यावा. विणीतल्या बारीक फरकाने जेवणाऱ्याचं काही अडत नाही. बुरशीची भीतीही रास्त, म्हणून बांबूवर प्रक्रिया हवी आणि तिचा खर्च दरात धरायला हवा. राहिला पैशाचा प्रश्न. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करण्याचं बंधन सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात आहे. रोखीने बांबू घेणाऱ्या बाईला तेवढेही दिवस परवडत नाहीत. तिला निम्मी रक्कम ऑर्डरसोबतच द्यावी.