सुलट टाक्याची टोपी

गेल्या मार्गशीर्षात दापोली तालुक्यातील बुरोंडीस आत्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा पडवीत बसून ती शेजारच्या दहावीतल्या मुलाला लोकरीची टोपी विणावयास शिकवीत होती. त्या दिवसांत वर दापोलीच्या पठारावर पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. आणि खाली बंदरात, खाऱ्या वाऱ्यात रात्र काढून परतणाऱ्या माणसास कानटोपीची गरज किती असते, हे कोकणात थंडी कुठली असे विचारणाऱ्यांना एका पहाटे किनाऱ्यावर उभे राहिल्यावाचून उमगावयाचे नाही. मुलाला ती टोपी होडीवर जाणाऱ्या आपल्या आजोबांसाठी करावयाची होती.

टोपीची रचना अशी की तिच्यात उलटा टाका मुळी नाहीच. विणणाऱ्या बायका एका ओळीला ‘सुई’ म्हणतात. सगळ्या सुया सुलट विणल्या म्हणजे दर दोन सुयांमागे कापडावर एक उंचवटा उठतो, आणि नांगरल्या शेतातील सरी-वरंब्यासारखे ते विणकाम दोन्ही अंगांनी सारखेच दिसते, त्याच्या कडा वळत नाहीत. त्याहून महत्त्वाचा गुण हा की आडव्या दहा सेंटिमीटरांत जितके टाके बसतात, साधारण तितकेच वरंबे उभ्या दहा सेंटिमीटरांत बसतात; म्हणजे एक टाका आणि एक वरंबा मिळून चौरस होतो, आणि वहीच्या चौकटीदार कागदावर काढलेली आकृती जशीच्या तशी लोकरीत उतरविता येते.

आठ नंबरच्या सुयांवर आत्याने ४४ टाके घातले. हे टोपीच्या घेराचे टाके नव्हेत, उंचीचे. कारण ही टोपी आडवी विणावयाची, काठापासून शेंड्याकडे जावयाचे आणि परत यावयाचे. पहिल्या वरंब्यास सगळे ४४ टाके विणले, दुसऱ्यास शेंड्याकडचे दोन सुईवर तसेच सोडून ४२, मग ४०, असे उतरत अकराव्या वरंब्यास २४ राहिले, आणि संत्र्याच्या फोडीसारखी, काठाशी रुंद व शेंड्याशी चिंचोळी, एक पाकळी तयार झाली. वळताना धागा पुढच्या टाक्याभोवती एकवार फिरविला की तेथे भोक पडत नाही. पुढच्या सुईला सोडलेले सगळे टाके पुन्हा विणून घेतले की दुसरी फोड पहिलीच्याच अंगातून उगवते. फोडी वेगळ्या करून शिवाव्या लागत नाहीत. अशा नऊ झाल्या, म्हणजे काठाशी ९९ वरंबे, दर सेंटिमीटरास दोन या मानाने सुमारे पन्नास सेंटिमीटर घेर. ताणून डोक्यावर नीट बसणारा. शेवटची फोड पहिलीशी जोडणारी शिवण काय ती एकच, आणि शेंडा दोरा ओवून आवळावयाचा.

‘‘आजी, परत दोन सोडू?’’

‘‘सोड. पण मोजून सोड.’’

चौथी फोड हडकुळी दिसू लागली, तेव्हा आत्या काही बोलली नाही. मुलानेच वरंबे मोजले, दहा भरले, आणि ती फोड त्याने मुकाट्याने उसवली. संध्याकाळी वहीच्या पाठीमागे त्याने मांडलेले गणित मी पाहिले: ४४ पासून २४ पर्यंत अकरा पदे, बेरीज ३७४, वरंब्याच्या दोन सुया म्हणून दुप्पट, फोडी नऊ, एकूण ६७३२ टाके. ही दहावीच्या पुस्तकातील अंकगणिती श्रेढी होय.

माझे म्हणणे या वहीतून निघते. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. १९६४–६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. उभय ठिकाणी हेतू हाच की हातातील काम हे बुद्धीचे काम व्हावे. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत कार्यानुभवाचा तास कागदाची फुले चिकटविण्यात जातो, याचा मला मनापासून खेद होतो. माझ्या शाळेत विणकाम मुलींना आणि बागकाम मुलग्यांना अशी वाटणी होती. तीस वर्षांनी सुलट टाका शिकताना तिचा अन्याय मला कळला. बुरोंडीच्या किनाऱ्यावर फाटकी जाळी दुरुस्त करीत पुरुष तासन्‌तास बसतात. सुतात गाठ कशी बसते हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनाही ठाऊक, त्यांच्या मुलांना सुया परक्या का वाटाव्यात? याच तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचीत. गणित आणि बायकांच्या हातचे कसब यांची अशी भेट त्यांना आवडली असती, असे मला वाटते.

बाजारात तयार टोपी स्वस्त मिळते, ही तक्रार खरी आहे. दुकानातील बहुतेक ‘लोकर’ हल्ली अ‍ॅक्रिलिकची असते, हेही खरे. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही ओली भासत नाही, म्हणून दर्यावर जाणाऱ्यास ती थोडी महाग पडली तरी घ्यावी. शिकण्यासाठी मात्र अ‍ॅक्रिलिक चालेल. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीस उत्तम, डोक्यास ती बोचते.

खर्चाची बाब क्षुल्लक आहे. एका टोपीस शंभर ग्रॅमच्या आत लोकर लागते, सुयांची जोडी वर्षानुवर्षे टिकते. शाळा व्यवस्थापन समितीने कार्यानुभवाच्या तासाला गावातील विणणाऱ्या वृद्ध स्त्रियांना थोडे मानधन देऊन बोलवावे, सातवीपासून मुलगे व मुली एकत्र बसवावेत, आणि गणिताच्या शिक्षकाने त्या तासाला हजर राहावे, एवढीच तजवीज पुरेशी आहे. आत्याला विचारले, तर ती म्हणाली, दर मंगळवारी दुपारी येईन. पण गुंडे शाळेने आणावेत, आणि मुलांनी नखे कापून यावे, लोकर अडकते.