हजार विड्या आणि वहीतला भागाकार

सोलापूरच्या पूर्व भागातलं दहा-अकरा वर्षांचं कुठलंही पोर घ्या. घरात तेलुगू, शेजारच्या काकूंशी कन्नड, शाळेत मराठी आणि विजापूर वेशीत गेलं की दखनी. यातल्या बहुतेक भाषा त्याला कुणी समोर बसवून शिकवलेल्या नसतात. आजीचं रागावणं, किराणा दुकानातली उधारी, गल्लीतल्या क्रिकेटची भांडणं, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यासाठी धरलेला हट्ट, असं सगळं वर्षानुवर्षं साठत जातं आणि एक दिवस पोर चार भाषांत सहज वावरायला लागतं. कुणाशी कुठली भाषा बोलायची, हेही त्याला विचारावं लागत नाही.

शिकणं असंच असतं, हे या स्तंभात मी पुन्हा पुन्हा मांडत आलो आहे. पण मग हेच मूल शाळेत अडतं कुठे?

याचं उत्तर त्याच्या घरातच सापडतं. जुन्या जॅकार्ड मागावर चादर विणली जाताना बघा. वर पुठ्ठ्याच्या पंचकार्डांची माळ फिरत असते. जिथे छिद्र, तिथली सुई आत शिरते आणि धागा उचलला जातो. छिद्र नसेल तिथला धागा खालीच राहतो. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींतून मोर उभा राहतो. आणि सोलापुरी चादर उलटली की मागेही तोच मोर दिसतो, फक्त रंगांची अदलाबदल होऊन. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोझेफ जॅकार्डने 1804 च्या सुमारास हा माग बसवला आणि पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हीच पंचकार्डं घेतली. ज्या मुलाने ही माळ लहानपणापासून फिरताना पाहिली, ते संगणकाच्या तासाला शून्य आणि एकची व्याख्या पाठ करतं. हे तुझ्या घरातलंच आहे, असं त्याला कुणी सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

घरी आई वळते त्या विड्यांचंही तेच. मजुरी हजारावर मिळते, बंडल 25 चं. हजाराची 40 बंडलं होतात, हे आईशेजारी बसणाऱ्या मुलीला ठाऊक असतं. वहीत 1000 भागिले 25 आलं की ती बिचकते. (मुलींनी विड्या वळाव्यात, असं मी मुळीच म्हणत नाही. त्या वळू नयेत म्हणूनच शाळा त्यांना आपली वाटली पाहिजे.)

हा प्रश्न एकट्या सोलापूरचा नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात नारळ, लिंबं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात त्यांचे सुमारे 98 टक्के हिशेब बरोबर आले. तीच आकडेमोड कागदावर दिली, तर जेमतेम 37 टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच पाहणी केली. ती 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आली आणि तिने पुढची गोष्टही दाखवली: शाळेत गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळतात. तेव्हा दोष बाजाराच्या मुलांचा नाही. दोन्हीकडचं ज्ञान वेगवेगळ्या खोल्यांत बंद आहे आणि मधलं दार उघडायला कुणी नाही.

भाषा जुळतात, कारण घर, गल्ली, दुकान यांच्यात कुणी भिंत घातलेली नसते. शाळा मात्र गेटवरच सांगते, बाहेरचं बाहेर ठेव. वर्गात तेलुगू शब्द निघाला की हशा, मागाचा विषय निघाला की ‘अभ्यासाचं बोल’. शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. माहिती भरण्यात आणि अभ्यासक्रम संपवण्यात त्यांचा जीव जातो, आणि अनुभव एकमेकांत मुरायला लागतो तो वेळ तर वेळापत्रकात कुठेच नसतो.

तरीही एक गोष्ट याच आठवड्यात करता येईल. आठवड्यातला एक तास पुस्तक बाजूला ठेवा. मुलांना घरातली एक चादर आणायला सांगा, ती वर्गात दोन्ही बाजूंनी पसरा आणि विचारा, हे कसं झालं असेल? कुणी तेलुगूत उत्तर दिलं तर ते पूर्ण होऊ द्या. शेजारचं मूल मराठीत सांगेल. ज्याच्या घरी माग आहे त्याला फळ्यापाशी बोलवा आणि त्या तासापुरतं आपण बाकावर बसा.