विरामचिन्हांच्या आधी वाक्य

सहावी-सातवीच्या मराठीच्या परीक्षेत एक प्रश्न नेमाने येतो : विरामचिन्हे काढून घेतलेले एक वाक्य छापावयाचे आणि विद्यार्थ्याने ती जागच्या जागी पुन्हा बसवावयाची. या प्रश्नात मुले फारशी चुकत नाहीत, कारण ‘काय’ दिसले की प्रश्नचिन्ह, ‘शाबास’ दिसले की उद्गारचिन्ह, ‘म्हणाला’ दिसले की अवतरणचिन्हे, हा हिशेब त्यांच्या हाती लवकर बसतो. मात्र त्याच मुलाची निबंधाची वही उघडावी, तो पहिल्या ओळीत सुरू झालेले वाक्य पानाच्या तळाशी पोहोचले तरी संपलेले नसते. आणि जो विद्यार्थी घटकाभरापूर्वी दुसऱ्याच्या वाक्यात अर्धविराम अचूक देऊन मोकळा झाला, त्याला स्वतःच्या वाक्यात तो कोठे द्यावा हे उमगत नाही. दोष मुलाचा नव्हे, क्रमाचा आहे. आपण वाक्य शिकविण्याआधी चिन्हे शिकवितो.

आमच्या पूर्वजांचा शिरस्ता याच्या नेमका उलट होता. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली, शक्यतो लेखणी न उचलता, अक्षरामागून अक्षर लिहीत जाई. जेथे दोन शब्दांमध्येच जागा सुटत नसे, तेथे दोन वाक्यांमध्ये चिन्ह कोठले? तरीही त्या कागदांवर वतनांचे निवाडे झाले, सनदा दिल्या गेल्या, फौजांना हुकूम सुटले, आणि हे निभावले ते वाक्यरचनेच्या बळावर : क्रियापद शेवटी येऊन वाक्य मिटवी, ‘म्हणोन’, ‘ऐसियास’, ‘तरी’, ‘सदरहू’ ही पदे मजकुराचे सांधे दाखवीत, आणि सबंध मजकूर संपे तेथे मोर्तब उठे. शिवछत्रपतींच्या पत्रांअखेरची ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा किंवा पेशवाईतील ‘लेखनसीमा’ यांना त्या काळचा पूर्णविराम म्हणण्यास हरकत नाही, मग तो वाक्याचा नसून पत्राचा का असेना. पुढे छापखाने आले, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजीतील चिन्हे मराठीत रूढ केली. कँडीसाहेबांचे हे ऋण मोठे आहे आणि मोडीच्या अखंड ओळीकडे परत जाण्याची शिफारस कोणी करणार नाही. पण ती चिन्हे आली तेव्हा मराठी वाक्य आपल्या पायांवर उभे होते, ही गोष्ट शाळेच्या अभ्यासक्रमाने विसरू नये.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे वाक्य कोठे संपले हे मुलाच्या कानाला आपोआप कळते. त्याची खरी अडचण वाक्याच्या मध्यावर असते. बारा वर्षांचा मुलगा सहलीविषयी लिहितो : ‘आम्ही गडावर पोहोचलो आणि पाऊस आला आणि आम्ही देवळात थांबलो आणि सरांनी सगळ्यांना मोजले आणि दोन मुले कमी होती.’ यात व्याकरणाची एकही चूक नाही. शिक्षक सामान्यतः लाल शाईने तीन ‘आणि’ खोडून तेथे पूर्णविराम देतो, आणि मुलगा ते पान उलटून पुढे जातो. त्याऐवजी त्याला विचारावे की पाऊस आणि देवळात थांबणे यांचा एकमेकांशी संबंध काय. तो ‘म्हणून’ हा शब्द स्वतःच पुढे करील. पोहोचणे आणि पाऊस यांत किती वेळ गेला असे विचारले, तर ‘पोहोचताच’ हाती येते. मग वाक्य असे होते : ‘आम्ही गडावर पोहोचताच पाऊस आला, म्हणून देवळात थांबलो. तेथे सरांनी सगळ्यांना मोजले. दोन मुले कमी होती.’ स्वल्पविराम कोठे द्यावा हे येथे कोणी सांगितले नाही, तरी तो आला. आणि शेवटचे वाक्य तोडून एकटे का उभे करावे हे तर मुलाला शिक्षकापेक्षा अधिक कळते, कारण ती दोन मुले सापडेपर्यंतचा जीव टांगणीला लागलेला वेळ त्याने अनुभवलेला असतो. मिश्र आणि संयुक्त वाक्यांच्या व्याख्या यानंतर सांगाव्यात. तेव्हा त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

शब्दक्रमाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘रडत आईने मुलाला उचलले’ या वाक्यात रडते कोण? चिन्हांची अख्खी पेटी रिती केली तरी मुलगा रडत होता हा अर्थ येथून निघणार नाही. ‘रडणाऱ्या मुलाला आईने उचलले’ अशी पदांची जागा आणि रूप दोन्ही बदलावी लागतात. स्वल्पविरामाच्या जागेवरून फाशीचा कैदी सुटल्याची गोष्ट वर्गात रंगते खरी, पण तिच्यामुळे मुलांचा असा गैरसमज होतो की अर्थ चिन्हात असतो. तसाच ‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यावा, नंतर द्यावा, की मुळीच देऊ नये, हा वाद. त्यात छापील पुस्तकांचेच एकमत नाही, तेव्हा त्यापायी सातवीच्या मुलाचा अर्धा गुण कापणे हा निव्वळ जुलूम होय.

यावर शिक्षकांची तक्रार ठाऊक आहे आणि ती वाजवी आहे : पन्नास-साठ मुलांच्या वह्या, त्यात शाळाबाह्य कामांचा बोजा, आणि वर प्रत्येकाला असे प्रश्न विचारीत बसावयाचे कधी? तेव्हा सर्व वह्यांतील सर्व चुका तपासण्याची सक्तीच काढून टाकावी. आठवड्यातून एक तास एकाच मुलाचा एक परिच्छेद, अर्थात त्याच्या संमतीने आणि नाव न घेता, फळ्यावर लिहावा. दुसऱ्या मुलाने तो जसा लिहिला आहे तसाच, चिन्ह असेल तेथेच थांबून, मोठ्याने वाचावा, आणि जेथे त्याचा दम तुटेल किंवा अर्थ अडखळेल तेथे वर्गाने हात वर करावा. मग जोडणे, तोडणे, पदे हलविणे हे काम सगळ्यांनी मिळून करावे. वार्षिक परीक्षेत विरामचिन्हांसाठी जे दोन-चार गुण ठेवलेले असतात, तेही तयार वाक्याऐवजी विद्यार्थ्याने त्याच उत्तरपत्रिकेत लिहिलेल्या निबंधाच्या एका परिच्छेदावर द्यावेत. त्यासाठी नवा प्रश्न काढावयास नको, आणि छपाईचा खर्चही वाढत नाही.