पाव टक्क्यानं हरले, सोळा जागांत विकले गेले

‘ऐक्य’ हा शब्द ऐकला की आपल्या पोरांचे डोळे पाणावतात. माझे नाही पाणावत. मी तो शब्द उलटा धरून हलवतो, आतून काय पडतं ते बघतो. कुणाचं ऐक्य, कुणाशी, कशासाठी, एवढं कळल्याशिवाय मी टाळी वाजवत नाही.

परवा टपरीवर एका दोस्तानं मला सुनावलं. म्हणाला, “तू नुसता फोडणारा. पोलंडात बघ, डावे एक झाले, सरकारात बसले.” त्यानं पोलंडचं नाव काढलं ते बरं केलं. आता तीच गोष्ट सांगतो, पण पुरती सांगतो. अर्धी सांगून लोकांना गंडवायचा धंदा पुढाऱ्यांचा, आपला नव्हे.

ऑगस्ट १९८०. ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला आणि ३१ तारखेला, स्वतःला कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या सरकारला कामगारांपुढंच सही करावी लागली. त्यातून सॉलिडॅरिटी उभी राहिली. साडेतीन कोटींच्या देशात सुमारे एक कोटी सभासद! ते ‘सॉलिडॅरिटी’ नाव सुचवलं कारोल मोद्झेलेव्स्की यांनी. हा इतिहासाचा अभ्यासक, आणि १९६५ सालीच सत्ताधारी पक्षाला उघडं पत्र लिहून तुरुंगात गेलेला. दुसरा झ्बिग्निएव बुयाक, उर्सुसच्या ट्रॅक्टर कारखान्यातला कामगार. १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ आला, संघटनेवर बंदी आली. बुयाक भूमिगत झाला तो १९८६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागला नाही.

१९८९ ला ते राज्य पडलं. सॉलिडॅरिटीची माणसं मंत्री झाली. आणि पहिलं काम काय केलं? १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना लावली. त्या एका जानेवारीत भाव ८० टक्क्यांच्या आसपास चढले. सरकारी कारखाने आणि सरकारी शेतं बसली. जिथं बेकार हा शब्द कागदावर नव्हता तिथं १९९३ संपताना १६ टक्क्यांवर लोक बेकार होते, म्हणजे २९ लाखांच्या घरात. ज्याच्या संपानं सत्ता आली त्याच्याच हातावर पहिली नारळाची करवंटी आली.

हे बघून ज्यांच्या पोटात कालवलं ते जून १९९२ मध्ये एकत्र आले. पक्षाचं नाव उनिया प्रात्सी. उनिया म्हणजे ऐक्य, प्रात्सा म्हणजे श्रम. नावातच ऐक्य! सॉलिडॅरिटीतून निघालेला रिशार्द बुगाय या अर्थतज्ज्ञाचा गट, बुयाकचा गट, आणि जुन्या सत्ताधारी पक्षातून बाहेर पडलेले काही सोशल डेमोक्रॅट, त्यात मारेक पोल. म्हणजे ज्यांनी तुरुंग भोगला ते आणि ज्यांच्या पक्षानं तुरुंगाला कुलूप लावलं ते, एका टेबलाला बसले.

तुम्हाला वाटलं असंल, आता हा या ऐक्यावर थुंकणार. नाही. हे ऐक्य खरं होतं. का? कारण ते मागण्यांवर झालं होतं. कामगाराच्या मानेवर सुरी ठेवून बाजार आणायचा नाही. चर्चनं सरकार चालवायचं नाही. बाईच्या पोटाचा निर्णय बाईचा. यांतलं एकेक म्हणायला त्या पोलंडात हिंमत लागत होती. गर्भपातबंदीचा कायदा येऊ घातला तेव्हा बुयाक आणि इतरांनी सार्वमताची मागणी केली, दहा लाखांवर सह्या जमल्या. संसदेनं त्या सह्या बाजूला सारल्या आणि जानेवारी १९९३ मध्ये कायदा केलाच. पण ध्यानात घ्या, दहा लाख लोकांचे हात लागले तेव्हा या पक्षाचे खासदार बोटावर मोजण्याइतके होते.

त्याच वर्षी निवडणूक झाली. ७.२८ टक्के मतं, ४१ जागा. सरकार बनवलं जुन्या कम्युनिस्टांच्या वारसांनी, म्हणजे डाव्या लोकशाही आघाडीनं, शेतकरी पक्षाला घेऊन. उनिया प्रात्सी युतीबाहेर राहिली. चार वर्षांनी, १९९७ ला, मतं पडली ४.७४ टक्के. संसदेत जायला लागतात ५. पाव टक्का कमी पडला आणि ४१ जागांचं शून्य झालं.

या पाव टक्क्यापाशी जरा थांबू. इथंच माणूस कळतो आणि पक्षही कळतो.

कामगारांचा राग गेला कुठं? राग होताच. त्या साली सॉलिडॅरिटी युनियननंच उजव्यांची मोट बांधली, हातात क्रूस घेतला आणि ३३.८३ टक्के मतं घेऊन पहिली आली. आणि सरकारात अर्थमंत्री म्हणून पुन्हा कोण? तोच बाल्त्सेरोविच! कामगारानं क्रूस बघून मत दिलं आणि पदरात पडला तो जुनाच हजाम. तेव्हा उनिया प्रात्सीनं काय करायला हवं होतं? माझं मत सरळ आहे. तिच्याकडं बुद्धी होती, तुरुंग भोगलेली माणसं होती, संसदेतली चांगली भाषणं होती. कारखान्याच्या गेटवर ती नव्हती. पाव टक्का गेटवर पडला होता, तो उचलायला परत गेटवर जायचं होतं.

पक्ष गेला दुसऱ्या दारात. बुगायनं अध्यक्षपद सोडलं, मारेक पोल अध्यक्ष झाला. मोठ्या डाव्या आघाडीशी सूत जमू लागलं. बुगाय बाहेर पडला, बुयाक बाहेर पडला. ज्यांच्या नावावर ऐक्य उभं राहिलं ते ऐक्यातून उठून गेले आणि पाटी तेवढी राहिली. २००१ साली ती पाटी मोठ्या पक्षाच्या पाटीशेजारी ठोकली. दोघांना मिळून ४१ टक्के मतं, २१६ जागा. त्यांतल्या १६ उनिया प्रात्सीच्या. पोल उपपंतप्रधान झाला. जिंकलो म्हणून बँड वाजला असंल.

आता या जिंकण्याचा हिशेब मांडा. बेकारी २००३ ला २० टक्क्यांच्या आसपास. त्याच साली पोलंडचे सैनिक अमेरिकेबरोबर इराकवरच्या हल्ल्यात. आणि ज्या कायद्याविरुद्ध दहा लाख सह्या जमवल्या तो गर्भपाताचा कायदा? तसाच. एक रेघ बदलली नाही. विरोधात असताना जो पक्ष दहा लाख हात उभे करत होता, तो सत्तेत गेल्यावर स्वतःचा एक हात वर करू शकला नाही. पुढं २००५ ला मोठा भाऊ ४१ वरून ११ टक्क्यांवर आपटला, आणि धाकटा दुसऱ्याच एका यादीत बसून संसदेबाहेर.

दोस्त म्हणंल, “हे जुनं झालं, २०१५ सांग.” सांगतो. त्या साली डाव्यांनी पुन्हा मोट बांधली, उनिया प्रात्सीही त्यात होती. एकट्या पक्षाला ५ टक्के लागतात, आघाडीला ८. मिळाले ७.५५. वेगळा लढलेल्या नव्या राझेम पक्षाला ३.६२. सगळे बाहेर. आणि ३७.५८ टक्क्यांवर उजव्यांना ४६० पैकी २३५ जागा, एकहाती सत्ता. दोस्त टेबलावर हात आपटणार, “बघ, पुरतं ऐक्य असतं तर!” कबूल. गणित मलाही येतं. सगळे एका यादीत असते तर आत गेले असते. पण ती ७ टक्के आणि ३ टक्के वेगळी का पडली, हे विचार. नव्या पोरांनी जुन्यांसोबत जायला नकार दिला तो हेकटपणानं नाही दिला. २००१ चा हिशेब त्यांच्या खिशात होता. विश्वास एकदा विकला की ऐनवेळी उधार मिळत नाही. फूट २०१५ ला दिसली, पेरली होती २००१ ला.

त्या फुटीची किंमत पुढाऱ्यांनी दिली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणानं गर्भपाताचा उरलासुरला हक्कही जवळजवळ पुसून टाकला. ज्या बायकांनी १९९२ ला सह्या केल्या त्यांच्या पोरी थंडीत, साथीच्या दिवसांत रस्त्यावर उतरल्या.

आणि दोस्त ज्या ऐक्याचं कौतुक करतो ते २०२१ चं, जुना मोठा पक्ष आणि ‘वसंत’ नावाचा नवा पक्ष मिळून झालेला ‘नवा डावा’. डिसेंबर २०२३ मध्ये तो सरकारात बसला, खरं आहे. जुलै २०२४ ला गर्भपाताला मदत करणाऱ्याची शिक्षा काढणारं विधेयक आलं. २१५ विरुद्ध २१८, तीन मतांनी पडलं. पाडणाऱ्यांत सरकारातल्याच शेतकरी पक्षाचे बहुतेक खासदार. सरकारात बसणं म्हणजे काय, हे त्या तीन मतांना विचारा.

तेव्हा मित्रांनो, मी ऐक्याच्या विरोधात नाही. १९९२ सारखं ऐक्य असंल तर सतरंजी मी उचलतो. पण जेव्हा कुणी पुढारी येऊन सांगंल की पाव टक्का कमी पडला, आता मोठ्याच्या घरात जाऊ, तेव्हा त्याला एकच विचारा : “बाबा, आपली कुठली मागणी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून जायची आहे?” तो मागणीचं नाव घेणार नाही. जागांचा आकडा सांगंल. आकडा ऐकला की उठा आणि गेटवर जा.