मांजरालाही मधुमेह होतो

कणगीची राखण करणारा तुमचा बोका भरपूर खाऊनही वाळत चालला, सारखा पाणी पिऊ लागला, मागच्या पायांचे घोटे टेकवून चालू लागला, तर मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका. त्याची साखर तपासून घ्या.

मधुमेह निघाला तर बहुधा १२-१२ तासांनी इन्सुलिन टोचावे लागते. मात्रा जनावरांचे डॉक्टरच ठरवतील; घरातल्या आजोबांच्या मात्रेवरून अंदाज बांधू नये. सिरिंज मात्र नीट पाहून घ्या. बाटलीवर ४० असेल तर ४० ची, लाल टोपणाची. १०० असेल तर १०० ची, नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने भरले, तर त्याच आकड्याला अडीचपट जाते. एवढ्याने मांजर दगावू शकते.

बोका जेवला नाही, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. सुई लागली की नाही अशी शंका आली, तरी दुसऱ्यांदा टोचायचे नाही. एखादी वेळ चुकलेली निभते, दुप्पट झालेली निभत नाही.

टोचल्यावर मांजर झोकांड्या देऊ लागले, लुळे पडले, तर साखर उतरली समजा. काकवी किंवा साखरेचे पाणी बोटाने हिरडीला चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच दवाखाना गाठा. झटके येत असतील तर बोट जपा, कडकडून चावते.

दूधभाकरीऐवजी अंडी, मासळी बरी. पण हा बदल डॉक्टरांना सांगून करा, कारण त्याने इन्सुलिन कमी लागते. काहींचे तर सुटतेही. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या खणात नको.