विश्लेषण : बोलावले दुरुस्तीसाठी, लिहून आले नवी घटना! अमेरिकेचा पहिला आराखडा का मोडीत निघाला?

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याआधीची आठ वर्षे हा देश वेगळ्याच घटनेवर चालत होता आणि तिच्यात आजच्यासारखे अध्यक्षपदच नव्हते. ती घटना ज्या रीतीने बाजूला सारली गेली, ती रीत खुद्द तिच्याच नियमात बसणारी नव्हती. आज अमेरिकेत ज्या राज्यघटनेचा हवाला उठताबसता दिला जातो, तिच्या जन्माची ही कहाणी थोडी अडचणीची आहे.

पहिला आराखडा काय होता?

त्याचे नाव ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, म्हणजे महासंघाची कलमे. १७७६ मध्ये १३ वसाहतींनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य जाहीर केले, त्याच सुमारास जॉन डिकिन्सन यांच्या समितीने पहिला मसुदा तयार केला. काँग्रेसने बरीच काटछाट करून १५ नोव्हेंबर १७७७ रोजी तो मंजूर केला. मात्र तो लागू व्हायला तेराही राज्यांची मान्यता हवी होती आणि मेरीलँड अडून बसले. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये पश्चिमेकडच्या अफाट जमिनींवरचे दावे सोडत नाहीत तोवर सही नाही, असा त्याचा हट्ट होता. अखेर १ मार्च १७८१ रोजी करार लागू झाला. तोपर्यंत युद्धाचा मोठा भाग उरकलाही होता.

या करारानुसार प्रत्येक राज्य सार्वभौम होते. काँग्रेसमध्ये प्रत्येकाला एक मत. मग ते विशाल व्हर्जिनिया असो की चिमुकले डेलावेअर. युद्ध, तह, कर्ज अशा मोठ्या निर्णयांना नऊ राज्ये लागत. करारात दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही आणि कर लावण्याचा अधिकारही नाही.

आज हे वाचून हसू येते, पण त्यामागे भीती होती आणि ती खरी होती. लंडनचा कर नको म्हणून ज्यांनी बंदूक उचलली, त्यांना फिलाडेल्फियाचा कर गोड लागेल असे मानायला काही आधार नव्हता.

मग घोडे अडले कुठे?

पैशांपाशी. काँग्रेस राज्यांकडे फक्त मागणी नोंदवू शकत होती. एखाद्या सोसायटीने मेंटेनन्सची बिले काढावीत, पण थकबाकीदाराला नोटीस धाडण्यापलीकडे सचिवाच्या हाती काहीच नसावे, असा हा प्रकार. युद्धासाठी फ्रान्स आणि डच सावकारांकडून कर्ज घेतलेले, सैनिकांचे पगार थकलेले. यावर उपाय म्हणून आयातीवर ५ टक्के शुल्क लावण्याचा प्रस्ताव १७८१ मध्ये आला. १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय बारगळला. १७८३ मध्ये सुधारित प्रस्ताव आला, तेव्हा न्यूयॉर्क आडवे आले. कारण उघड होते. शेजारच्या न्यू जर्सी आणि कनेटिकटला लागणारा बराच परदेशी माल न्यूयॉर्कच्या बंदरातून येई आणि त्यावरची जकात न्यूयॉर्कच्या तिजोरीत पडे. घरबसल्या मिळणारे हे उत्पन्न कोण सोडेल?

जून १७८३ मध्ये पगारासाठी चिडलेल्या काही शे सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य सरकारने मदतीला फौज बोलावण्यास नकार दिला आणि देशाच्या सर्वोच्च सभेला गाशा गुंडाळून न्यू जर्सीतील प्रिन्स्टन गाठावे लागले. त्याच हिवाळ्यात ब्रिटनशी झालेल्या शांतता तहाला मान्यता द्यायची होती. स्वातंत्र्यावर शिक्का मारणारा तो तह. पण त्यासाठी लागणाऱ्या नऊ राज्यांचे प्रतिनिधी जमेनात. १४ जानेवारी १७८४ ला कसेबसे जमले.

शेवटचा धक्का मॅसॅच्युसेट्सने दिला. युद्धकर्ज फेडण्यासाठी त्या राज्याने जबर कर लावले आणि ते नाण्यांतच भरायला सांगितले. पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांकडे नाणी नव्हती. जमिनी जप्त होऊ लागल्या, कर्जदार तुरुंगात जाऊ लागले. यातले अनेक जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. डॅनियल शेज हा त्यांचा एक म्होरक्या सैन्यात कॅप्टन होता. १७८६ मध्ये त्यांनी न्यायालये बंद पाडली आणि २५ जानेवारी १७८७ रोजी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. राज्याच्या फौजेच्या तोफांनी चार जण ठार झाले. शस्त्रागार राष्ट्राच्या मालकीचे होते, पण ते वाचवायला काँग्रेसकडे ना पैसा ना फौज. बंड मोडायला निघालेल्या राज्याच्या फौजेचा खर्च उचलला तो बोस्टन आणि परिसरातल्या धनिकांनी. शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती, हे मात्र या बंडाने धास्तावलेल्या नेत्यांच्या लिखाणात क्वचितच दिसते.

दुरुस्तीची नवी घटना कशी झाली?

सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या प्रश्नावर ॲनापोलिसला बैठक बोलावली होती. पाचच राज्यांचे १२ प्रतिनिधी आले. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी या फसलेल्या बैठकीतूनच पुढच्या मोठ्या परिषदेची हाक दिली. २१ फेब्रुवारी १७८७ रोजी काँग्रेसने त्याला संमती दिली, ती एकाच कामासाठी : जुन्या कलमांमध्ये दुरुस्ती सुचवणे.

फिलाडेल्फियात २५ मे रोजी गणपूर्ती झाली. पुढे एकंदर १२ राज्यांचे ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. कामकाज पूर्ण गुप्त. जेम्स मॅडिसन यांची तपशीलवार टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये लोकांसमोर आली. गणपूर्तीनंतर चारच दिवसांत व्हर्जिनियाने नवा आराखडा मांडला. दोन सभागृहे, कार्यकारी प्रमुख, न्यायपालिका आणि राज्यांना वळसा घालून थेट नागरिकांवर चालणारे कायदे. हे दुरुस्तीच्या पलीकडचे होते. लहान राज्यांनी जुन्या कलमांच्या चौकटीतला पर्यायी आराखडा मांडला, पण तो फेटाळला गेला. एका सभागृहात लोकसंख्येनुसार जागा आणि दुसऱ्यात सर्व राज्यांना समान, ही तडजोड १६ जुलैला ५ विरुद्ध ४ अशी निसटती मंजूर झाली.

दुसरी तडजोड अधिक काळी. प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश करायची आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही, असे ठरले. मसुद्यात ‘गुलाम’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला गेला. लाज होती म्हणूनच ना?

हे कायदेशीर होते का?

जुन्या कलमांच्या शब्दांवर बोट ठेवले, तर नव्हते. तेराही राज्यांच्या विधिमंडळांची संमती हा नियम होता. नव्या घटनेने स्वतःच ठरवले की नऊ राज्ये पुरेत आणि संमती विधिमंडळांनी नव्हे, लोकांनी त्यासाठी निवडलेल्या परिषदांनी द्यावी. खेळ सुरू असताना खेळाडूंनी नियम बदलला. मॅडिसन यांचा बचाव असा की, परिषदेने केवळ शिफारस केली; तिला जीव द्यायचा की नाही हे लोक ठरवतील. हा बचाव पटतो, कारण पुढची लढाई लुटुपुटूची नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ असा निकाल लागला. मतदार मुख्यतः गोरे पुरुष होते, हे खरेच. तरी गावोगावी आणि वृत्तपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. नागरिकांच्या हक्कांची हमी कुठे आहे, असे विरोधकांनी खडसावून विचारले. विरोधक हरले, पण १५ डिसेंबर १७९१ रोजी लागू झालेल्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्या या त्यांच्या रेट्यामुळेच आल्या. अमेरिकी नागरिक आज भाषणस्वातंत्र्यासाठी ज्या कलमाकडे बोट दाखवतो, ते त्यांपैकीच एक.

राज्यांनी मिळून केलेला करार की लोकांनी घडवलेला संघ, हा प्रश्न मात्र १७८७ मध्ये सुटला नाही. त्यासाठी पुढे यादवी युद्ध व्हावे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच युद्धाचा दाखला दिला होता. भारतीय संघ हा घटक राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही आणि ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, असे त्यांनी सांगितले.

आणि ऱ्होड आयलंड? न्यू हॅम्पशायर २१ जून १७८८ रोजी संमती देणारे नववे राज्य ठरले आणि नवी घटना उभी राहिली. नवे सरकार कामाला लागले, तरी ऱ्होड आयलंड बाहेरच होते. मे १७९० मध्ये सिनेटने या राज्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक मंजूर केले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ऱ्होड आयलंडच्या परिषदेने नव्या घटनेला मान्यता दिली. ३४ विरुद्ध ३२ मतांनी.