जमीन घेण्यापूर्वीं तिचा पूर्वेतिहास पाहा

शेत विकत घेतांना आमचे शेतकरी बंधु काय पाहतात, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. मातीचा थर किती खोल, विहिरीस चैत्र-वैशाखांत पाणी किती, गाडीवाट आहे कीं नाहीं, सातबाऱ्यावर बोजा आहे काय, इतकें पाहिलें म्हणजे व्यवहार पुरा होतो. परंतु या जमिनीच्या पोटांत गेल्या पन्नाससाठ वर्षांत काय काय गेलें, हें विचारणारा गृहस्थ विरळाच. आमच्या मतें हा प्रश्न बोजाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. सावकाराचा बोजा फेडतां येतो. मातींतील विषाचा बोजा सहसा फिटत नाहीं.

ही भीति काल्पनिक नव्हे. राजस्थानांत उदेपुराजवळ बिछडी गांवीं १९८८ च्या सुमारास रंगद्रव्यांस लागणारें एच-आम्ल तयार होऊं लागलें. हें काम जेमतेम एखादें वर्ष चाललें. पण उघड्यावर टाकलेला गाळ पावसाबरोबर मुरला आणि सभोंवारच्या विहिरींचें पाणी पिण्यास व पिकांस निरुपयोगी झालें. नुकसानीचा खर्च घाण करणाऱ्यानेंच सोसावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. निकाल मिळाला, पण विहिरी निकालानें गोड होत नाहींत.

शेजारीं कारखाना नाहीं म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. पुष्कळदां विष शेतकऱ्याच्याच हातून मातींत गेलेलें असतें. शेतीकरितां डी.डी.टी. १९८९ सालीं बंद झाली, बी.एच.सी. १९९७ सालीं व एंडोसल्फान २०११ सालीं. परंतु कायद्यानें बंद झालेलें औषध मातींतून त्याच दिवशीं नाहींसें होत नाहीं. डी.डी.टी. निम्मी होण्यासच कांहीं जमिनींत दहापंधरा वर्षें लागतात. भोपळा-काकडीच्या वर्गांतील पिकें असलीं जुनीं विषें मुळांवाटे घेतात, आणि चरतांना माती खाणाऱ्या जनावरांच्या दुधांतील स्निग्धांशांत तीं उतरतात. जुन्या द्राक्षबागेंत मोरचुदाची गोष्ट निराळी. तांबें कुजत नाहीं, वरच्या थरांत सांचतच जातें.

मग शोध कसा करावा ? साधन आपल्या घरींच आहे. सातबाऱ्यांतील बारा नंबर हा शेताच्या पिकांचा इतिहासच होय. त्याचे जुने उतारे काढावे. कापूस किती वर्षें, बाग किती वर्षें, हें त्यावरून कळतें. वीटभट्टी वा गोदाम यांस बिगरशेती परवानगी दिली होती काय, तें पाहावें. नंतर गांवांतील वृद्ध सालदारास आदरानें विचारावें : बाबा, औषध कोठें कालवीत होतां ? रिकामे डबे कोठें पुरले ? इंजिनाचें तेल कोठें सांडत असे ? शहराचें सांडपाणी किंवा मद्यार्काच्या कारखान्याचें मळीचें पाणी या शेतांत कधीं सोडलें होतें काय ? जें दप्तरांत नाहीं, तें त्याला ठाऊक असतें.

माती तपासली आहे, असें कोणी म्हणतील. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेंत बारा बाबी असतात, परंतु त्यांत शिसें, कॅडमियम, सोमल अथवा कीटकनाशकांचा अंश नसतो. शिवाय खतासाठीं माती आठदहा ठिकाणची एकत्र करितात; तशानें एका कोपऱ्यांतील विष साऱ्या शेतांत विरून जातें व दिसतच नाहीं. म्हणून संशयित जागेचा नमुना वेगळा घ्यावा. ही तपासणी महाग आहे खरी; याचकरितां आधीं इतिहास पाहावा, आणि संशय असेल तेथेंच पैसा खर्चावा.

विकणाऱ्यांसही आमचें सांगणें आहे. घेणाऱ्यास साध्या दक्षतेनें न कळणारा, पण आपणांस ठाऊक असलेला दोष सांगणें, हें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यानें विकणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे. खरें सांगितल्यानें किंमत उतरेल हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती किंमत खोटीच होती. आणि उद्यां वांटणींत तेंच शेत आपल्या मुलाच्या वांट्यास आलें तर ?

प्रत्येक खातेदारानें आपल्या शेताची एक वही ठेवावी : कोणतें औषध, किती, कोठें, केव्हां. ती जमिनीबरोबर पुढच्या धन्याच्या हातीं द्यावी. खरेदीखत मालकी सांगतें. जमिनीची प्रकृति ही वही सांगेल.